बरणी तिची आहे

कौसाआक्कांच्या घरी भाड्याने राहत होते तेव्हा मला बऱ्याच गोष्टी कळल्या. गवार वाळवायची कशी, कारल्याला मीठ लावून किती वेळ ठेवायचं, वालावर माव्याची कीड पडली तर काय करायचं. स्वतः कौसाआक्का मात्र कळल्या नाहीत. त्या कुणावर रागावल्यात आणि कुणावर जीव टाकतात, हे मी शेवटपर्यंत खात्रीने सांगू शकले नसते. आजही कुणी विचारलं तर मी आधी "थांबा हं, सांगते" म्हणेन आणि मग गप्प बसेन.

मी दौंडची. वडील रेल्वेत, त्यामुळे वाढले ती क्वार्टरमध्ये. आमच्याकडे भाजी म्हणजे बाबांच्या पिशवीतून येणारी वस्तू; ती कुठेतरी उगवते याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती. न्हावऱ्याच्या शाळेत नेमणूक झाली आणि आक्कांच्या घराची मागची खोली मिळाली. तिची खिडकी परसात उघडायची. दसऱ्याच्या सुमारास सामान लावत होते, तर खिडकीखाली एक उंच, काटक बाई शेळीशी भांडत होती.

"ढवळे, सांग तिला. वाल भितीच्या त्या अंगाला गेला म्हंजी तिचा न्हाई झाला. मूळ हितं हाय."

शेळी रवंथ करत होती. भिंतीपलीकडे कुणीतरी खाकरलं आणि तिकडे लोंबणाऱ्या शेंगा भराभर खुडल्याचा आवाज आला. आता चांगलीच जुंपणार असं मला वाटलं. पण ती बाई आवाज खाली आणून शेळीला म्हणाली, "तोडू दे तिला. न्हाईतर जून हुतील."

भिंतीपलीकडे होती ती आक्कांची धाकटी जाऊ, गजराबाई. आक्कांचे यजमान आबा आणि गजराबाईंचे नाना, हे सख्खे भाऊ. एके काळी घर एक, चूल एक आणि मागचं परसही एकच होतं. त्या परसात मोरीच्या पाण्यावर भाजी उभी केली ती या दोघींनी. पुढे भावांच्या वाटण्या झाल्या, परसाच्या मधोमध छातीएवढी भिंत आली, आणि नवरे बोलत नाहीत म्हणून बायकांनीही बोलणं सोडलं. काही वर्षांनी नवरे बोलायला लागले. मी गेले तेव्हा तर दोघं रोज सकाळी एकाच बाकावर बसून चहा प्यायचे, एकाच मोटारसायकलवरून शिरूरच्या बाजाराला जायचे. भांडण संपल्याचं बायकांना सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. निदान मला तसं वाटायचं.

दोघी एकमेकींशी बोलत नसत, पण एकमेकींना ऐकू जाईल असं दिवसभर बोलत असत. आक्का शेळीशी, गजराबाई आपल्या कोंबड्यांशी. लेकी बोले सुने लागे, तसलाच प्रकार. गंमत म्हणजे एवढ्या वैरातही गजराबाईंनी थोरल्या जावेचा मान कधी सोडला नाही. कोंबडीला सांगतानासुद्धा "आक्कांस्नी म्हणावं" असंच सांगायच्या.

पाऊस संपून ऊन तापायला लागलं की आक्कांच्या अंगात वारं शिरायचं. "वैशाखाचं ऊन जाळतं, अश्विनातलं वाळवतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सकाळी पातळाचा ओचा खोचून त्या मांडवाखाली शिरायच्या. त्या बाहेर येईपर्यंत अंगणातल्या बाजा जुन्या लुगड्यांनी झाकलेल्या असायला हव्यात. ते काम आबांचं. मग गवार ताकमिठात बुडवून पसरायची, भेंडी सुईदोऱ्यात ओवून दांडीला टांगायची, वांग्याच्या फोडी, कारल्याच्या काचऱ्या. लाल भोपळे माळ्यावर, देठ वर करून, एकमेकांना न टेकवता. "टेकले की भांडत्यात आन् सडत्यात," त्या म्हणायच्या.

वाळवण झालं की नाही, हे त्या डोळ्यांनी बघतच नसत. मूठभर शेंगा कानाशी नेऊन हलवायच्या आणि डोळे मिटायच्या. "वाजत न्हाई अजून," म्हणून परत उन्हात. मला सगळ्या शेंगा सारख्याच वाटायच्या.

पहिल्या आठवड्यात मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "तुमी हात लावू नगा म्याडम. शिकलेल्या बायांच्या हातानं वाळवण नासतं." मी ओशाळून बाजूला बसले. जरा वेळाने म्हणाल्या, "बसलाय काय नुसत्या? शिरा काढा की गवारीच्या." असं बोलणं. नको म्हणजे हो की काय, म्हणून पुढच्या वेळी नको म्हणाल्या तरी चहाचा कप पुढे केला, तर खरंच नको होतं. दिवाळीपर्यंत मी त्यांच्या हो-नाहीचा हिशेब मांडायचं सोडून दिलं.

त्या परसात सगळ्यात जास्त वेल कारल्याचे. आबांना कारलं चालत नाही. आक्का स्वतः वासानेच नाक मुरडायच्या. मी एकदा विचारलंच, "आक्का, घरात कुणी खात नाही, मग एवढी कारली लावता कशाला?"

"लावतीया कोण? येत्यात आपली."

कारल्याचे वेल असे रांगेत, काठीला सुतळीने बांधून, आपोआप येत नाहीत, एवढं दौंडच्या मुलीलाही कळतं. पण मी वाद घातला नाही.

आणि मग ती बरणी.

तांबूस रंगाची चिनी मातीची, शेरभर लोणचं मावेल एवढी. तिचा एक कान उडालेला होता. एका संध्याकाळी आक्कांनी ती कारल्याच्या काचऱ्यांनी काठोकाठ भरली, तोंडावर फडक्याचा दादरा घट्ट बांधला आणि माझ्या हातात दिली.

"एवढं पल्याड नेऊन द्या. म्हणावं, तुजी बरणी तुला ठेव."

मी भिंतीला वळसा घालून गेले. गजराबाई ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला गोड. निरोप ऐकून त्यांनी कपाळाला आठी घातली. "माजी न्हाई ती बरणी. आक्कांचीच हाय. पर आता आणलीये तर ठेवा." काचऱ्या डब्यात ओतून घेतल्या, त्यातली एक तोंडात टाकली, आणि बरणी घासून पालथी घातली. चार दिवसांनी मला भिंतीवरून हाक. बरणीत कोहळ्याचे सांडगे. "आक्कांस्नी म्हणावं, तुमची बरणी. रिकामी कशी धाडू, म्हणून घातलंय थोडं."

आमच्या भागात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. साखरेची चिमूट का होईना, घालायची. हे मलाही ठाऊक होतं. त्यामुळे घोळ माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. थोरली म्हणायची बरणी धाकटीची, धाकटी म्हणायची थोरलीची. मग जिच्याकडे असेल तिने ती परत करायची, आणि परत करायची तर भरून. वर्षानुवर्षं बरणी भिंतीवरून इकडून तिकडे चालली होती आणि तिच्यातून वाल, गवार, सांडगे, मिरच्या, चिंचेचे गोळे. ज्या बायका एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या त्यांना एकमेकींच्या हाताची चव मात्र तोंडपाठ होती.

मी एकदा आबांना गाठलं. "आबा, खरं सांगा. बरणी कुणाची?"

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "माज्या आयची. वाटणीत सगळं मोजलं बघा. पातेली, झारे, पळ्या, उलथनी. येका पळीवरनं दोघी तासभर भांडल्या. पर बरणीपाशी आलो, तर ही म्हणली तिची, ती म्हणली हिची. पंचास्नी असलं ठावं न्हवतं. पंच म्हणले, आमी च्या पिऊन येतो. आलेच न्हाईत."

"मग तुमच्या आईंनी कुणाला दिली होती?"

"आता आय हाय का सांगायला?" आबा म्हणाले आणि टोपी परत घातली.

एकदा थंडीच्या सुरुवातीला बरणी पलीकडून आली ती जड नव्हती. आक्कांनी दादरा सोडला आणि मी आत डोकावले. राख. काठापर्यंत चुलीची राख. कुणाच्या घरी राख पाठवायची म्हणजे काय, हे शुभ-अशुभ न मानणारीलाही कळतं. आता ही भिंत पडेपर्यंत भांडण होणार म्हणून मी दारातच उभी राहिले.

आक्का बरणी घेऊन थेट वालाखाली गेल्या. मूठमूठ राख पानांवर उधळायला लागल्या. शेंड्यांवर काळा मावा चिकटला होता, तो मी पाहिलाच नव्हता.

"आमच्यात ग्यास आल्यापून राख कुठली?" आक्का म्हणाल्या. "ती अजून चुलीवर पानी तापवती. मेलीची नजर बघा कशी हाय. भितीवरनं मावा दिसला तिला." मग शेळीकडे वळून, मोठ्याने, "ढवळे, लोकांच्या परसात डोकवायची लई सव हाय काहींस्नी."

हे कौतुक होतं की टोमणा? मी त्या दिवशी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. दोन्ही बाजूंनी बरोबर वाटलं.

पुढच्या वर्षी परतीच्या पावसाने गाठलं. आबा आक्कांना डोळे दाखवायला शिरूरला घेऊन गेले होते, मी शाळेत. अंगणात चार बाजा वाळवणाने भरलेल्या. दुपारी आभाळ भरून आलं आणि धो धो कोसळला. शाळा सुटल्यावर पळत आले, तर बाजा भिंतीला उभ्या आणि सगळं वाळवण पडवीत, कोरडं, वर निळी ताडपत्री. ती ताडपत्री आमची नव्हती. भिंतीच्या या अंगाला चिखलात लहान पावलं उमटली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ती भिंत ओलांडली होती.

आक्का आल्या. ताडपत्री उचलून बघितली, आणि कडाडल्या, "ढवळे, कुणी सांगितलं व्हतं माज्या वाळवणाला हात लावाया? भेंडी आन् गवार येका लुगड्यात कालवली. निवडायची कुणी?"

पलीकडून कोंबड्यांना सांगणं झालं, "फुडच्या टायमाला भिजू द्यायचं बरं का गं."

मला आक्कांचा इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी निवडून झाल्यावर त्यांनी ताडपत्री धुतली, वाळवली, घडी घातली, आणि घडीत लाल भोपळ्याची भलीमोठी फोड ठेवून ती भिंतीवर ठेवली. "ताडपत्री काय भांडं आहे का?" मी फणकारले. त्या म्हणाल्या, "रिकामं ते रिकामंच." आणि डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला बसल्या.

त्या दिवाळीनंतर गजराबाईंच्या मुलाने, संतोषने, शिक्रापूरला फ्लॅट घेतला. तो तिकडच्या एका कंपनीत सुपरवायझर. आईवडिलांना घेऊन जायचं ठरलं. नाना नाही-हो करत तयार झाले. भिंतीपलीकडे सामान बांधल्याचे आवाज यायला लागले तशा आक्का जास्त जास्त कामाला लागल्या. खुडलेल्या वेलावरून पुन्हा हात फिरवायच्या. शेळीशी बोलणं कमी झालं.

बरणी तेव्हा पलीकडे होती. ती यायची होती. आक्कांच्या जिवाला काय लागलं होतं, ते तेव्हा मला पहिल्यांदा स्पष्ट कळलं. गजराबाई बरणी घेऊन गेल्या, तर ती त्यांची ठरली आणि सगळं संपलं. इकडे ठेवून गेल्या, तर ती आक्कांची ठरली आणि तरीही संपलंच. या दोन जावांमध्ये काय उरलं होतं, तर परत करायची ती एक वस्तू.

टेम्पो आला त्या सकाळी आक्का भिंतीशी वाल खुडत होत्या. वेलावर शेंग उरली नव्हती. टेम्पो सुरू झाल्यावर गजराबाई परसात आल्या, बरणी भिंतीवर ठेवली आणि वळून गेल्या. आक्कांनी वर बघितलं नाही. टेम्पोचा आवाज रस्त्याला लागल्यावरच दादरा सोडला.

आत राख होती. आक्कांनी बोटं घातली आणि त्यांचा हात तसाच थांबला. राखेत बी होतं, कीड लागू नये म्हणून ठेवतात तसं. कारल्याचं, दोडक्याचं, वालाचं, भोपळ्याचं, कापडाच्या पुरचुंड्यांत बांधून.

"सगळं बी देऊन गेली," आक्का म्हणाल्या. शेळीला नाही, मला. "बाईनं सगळं बी दिलं म्हंजी काय गं? आता ती काय पेरायची?"

मला एकेरीत "गं" म्हणाल्या ते पहिल्यांदाच. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काय पेरणार?

पाऊस पडल्यावर आक्कांनी ते सगळं बी लावलं. भिंतीपलीकडच्या अर्ध्या परसातही, नानांना फोनवर विचारून, म्हणजे आबांना विचारायला लावून. रोज संध्याकाळी आबांचा भावाला फोन व्हायचा, स्पीकरवर. आक्का शेजारी भाजी निवडत बसायच्या आणि ढवळीला सांगायच्या, "इचार म्हणावं, तिकडं कारली मिळत्यात का." फोनमधून, लांबून, गजराबाईंचा आवाज यायचा. "आक्कांस्नी सांगा, मिळत्यात. पर कडूच नसत्यात." आक्का तोंड फिरवायच्या. हसायच्या की काय, ते दिसायचं नाही.

अश्विनात एवढी कारली आली की बाजा पुरल्या नाहीत. आक्कांनी काचऱ्या केल्या, कानाशी वाजवल्या, बरणी भरली आणि दादरा बांधला. आणि ती बरणी तशीच फडताळात राहिली. संतोष अधूनमधून यायचा. मी म्हटलं, त्याच्याकडे द्या. "पोराच्या हातनं?" आबा निघाले, तर "बाप्या माणसाला काय कळतंय." पार्सल करू का म्हटलं, तर माझ्याकडे अशा बघितल्या की मी पुन्हा विचारलं नाही. कार्तिक गेला. आक्का रोज फडताळ उघडून बरणी बघायच्या आणि बंद करायच्या. नक्की काय हवं आहे या बाईला, मला कळेना. मला वाटतं, त्यांनाही कळत नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी त्या इस्त्रीचं पातळ नेसून दारात उभ्या. "चल. शिक्रापूर दाव मला."

तळेगावमार्गे जाणाऱ्या एसटीत त्यांनी बरणी मांडीवरून खाली ठेवली नाही. शिक्रापूरच्या चौकात कंटेनरमागून कंटेनर चाललेले. मी घाबरून उभी, तर आक्कांनी बरणी छातीशी धरली, दुसरा हात वर केला आणि सरळ रस्त्यात पाय टाकला. ट्रक थांबला. ड्रायव्हर हिंदीतून काहीतरी बोलला. आक्का "व्हय व्हय" म्हणाल्या आणि पलीकडे गेल्या.

दार गजराबाईंनीच उघडलं. त्यांनी आधी बरणीकडे बघितलं आणि मग जावेकडे. आक्कांना शेळीची सवय. इथे मी होते.

"म्याडम, हिला सांग. हिची बरणी ऱ्हायली व्हती."

"म्याडम, आक्कांस्नी सांगा. बरणी माजी न्हाई."

मी उंबऱ्यात दोघींच्या मध्ये उभी. आक्का मला बाजूला सारून आत गेल्या, थेट गॅलरीत. गॅलरीला लोखंडी जाळी, आणि दोन बिल्डिंगांच्या फटीतून आलेला उन्हाचा एक पट्टा. त्या पट्ट्यात सूप, सुपात विकतची गवार, कडेने काळी पडत चाललेली. आक्कांनी मूठ भरून कानाशी नेली, डोळे मिटले.

"वाजत न्हाई," त्या म्हणाल्या.

"ऊनच न्हाई तर वाजंल कशी?" गजराबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला.

मग आक्का वळल्या, आणि माझ्याकडे न बघता, समोरासमोर बोलल्या. "गजरे, बरणी तुजी न्हाई. माजी हाय."

गजराबाई बघतच राहिल्या. "आक्का, आवो इतकी वर्सं तर तुमी—"

"म्हणत व्हते. आता न्हाई म्हणत. माजी बरणी हाय ती. तुज्याकडं ठेवून चाललीये. भोगीपातुर माजी मला आणून द्यायची. आन् रिकामी आणू नगंस." दारापाशी जाऊन थांबल्या. "दुसऱ्याच्या हातनं धाडशील तर घ्यायची न्हाई मी."

चहासुद्धा न घेता आम्ही निघालो. एसटीत मी विचारलं, "आक्का, बरणी खरंच तुमची?"

"मला काय म्हाईत?" आक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "सासूबाईंची व्हती."

त्याच महिन्यात माझ्या बदलीचा हुकूम आला, दौंडच्या जवळ. मी भोगीच्या दिवशी सकाळी निघाले. आक्का फाट्यापर्यंत आल्या, तेच इस्त्रीचं पातळ नेसून. मला भरून आलं. म्हटलं, एवढं प्रेम कधी दाखवलं नाही या बाईने. माझी चौफुल्याची गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले, हात हलवला. आक्कांचं लक्षच नव्हतं. त्या रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या होत्या, तळेगावकडून गाड्या येतात त्या बाजूला.

आमची गाडी हलता हलता तिकडची एसटी येऊन थांबली. मध्ये उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. कुणीतरी उतरलं, एवढंच दिसलं. कोण, हातात काय, काही कळलं नाही. फोन करून विचारलं तर आक्का "कोण गजरा?" म्हणतील हे मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट मी नीट पाहिली. उतरलेल्या माणसाकडे आक्कांनी सरळ पाठ फिरवली आणि मागे न बघता घराकडे तरातरा चालायला लागल्या. त्यावरूनच मी सांगते, बरणी आली होती.